साखरेचं डोकं, तेलाचं शेपूट

१२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. ‘तीर्थरूप’ लिहिलं की ‘मी काय एवढा म्हातारा झालो का’ म्हणून तू चिडतोस, आणि नुसतं ‘दादा’ लिहिलं की आई म्हणते हिला वळण राहिलं नाही. तेव्हा आईला पत्र दाखवताना वरची ओळ अंगठ्याखाली झाक.

मी बरी आहे. घर बदललं, पत्ता पाकिटामागे लिहिला आहे. तळमजला मिळाला. जुन्या घराचा जिना फार काळोखा होता. दिवा लावून घेतला तरी पायऱ्या नीट उमगत नव्हत्या. हे घर लहान आहे, पण दारातून निघालं की सरळ रस्ता. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे, सकाळी भांड्यांवर ऊन येतं. ओट्याखाली झुरळं आहेत. त्यांच्याशी बोलणी चालू आहेत.

मागच्या खेपेला तू जेवताना सगळ्यांसमोर विचारलंस, ‘एवढी शिकलीस, डोक्याचे केस पिकले, आणि अजून साबणच घोळवतेस?’ सगळे हसले. मीही हसले. तोंडात घास होता म्हणून उत्तर राहिलं, ते आता देते.

पेशीभोवती चरबीचा एक पातळ पापुद्रा असतो. काही प्रथिनं त्या पापुद्र्यातच रुतून बसलेली असतात. त्यांची कंबर तेलकट, तिला पाण्याचं वावडं. नुसती पाण्यात ओढून काढली तर ती एकमेकांना चिकटतात, त्यांचा गोळा होतो, आणि एकदा गोळा झाला की ब्रह्मदेव आला तरी सुटत नाही. म्हणून डिटर्जंट लागतं. कपड्यांचं चालत नाही. डिटर्जंटच्या रेणूला एक डोकं आणि एक शेपूट असतं. तसल्या डिटर्जंटच्या डोक्यावर बहुतेक वेळा विजेचा भार असतो. ते प्रथिनाला बाहेर काढतं खरं, पण काढता काढता त्याची घडी मोडतं. हाती येतो तो नुसता दोरा. मी वापरते ती नॉन-आयनिक, म्हणजे भार नसलेली डिटर्जंटं. डोकं साखरेचं, शेपूट तेलाचं. शेपटं प्रथिनाच्या तेलकट कमरेला विळखा घालतात, साखरेची डोकी बाहेर पाण्याकडे तोंड करून राहतात, आणि प्रथिन आपली घडी न मोडता पाण्यात उतरतं. तू आता म्हणशील, ‘म्हणजे आपली मोठी आत्या! तोंड साखरेचं आणि बाकी सगळी बुळबुळीत.’ म्हण. पण ही जी आहेत ती कुणाची घडी मोडत नाहीत, एवढा फरक.

कमी पडलं तर प्रथिन निघत नाही, जास्त झालं तर बिघडतं, बाटली उघडी राहिली तर हवेने डिटर्जंटच नासतं. माझी उमेदीची वर्षं या कमी-जास्तात गेली. मला त्याचं वाईट वाटत नाही.

सध्या एक नवं प्रथिन हाताशी आहे. डोळ्यातलं. दृष्टिपटलात असतं, उजेड पकडायचं काम करतं. अंधारात ते लालसर दिसतं. उजेड लागला की पिवळं पडतं, आणि मग संपलंच. म्हणून त्याचं सगळं काम मंद लाल दिव्याच्या बंद खोलीत चालतं. त्या खोलीतलं काम सध्या माझी शेजारीण बघते. शेजारीण म्हणजे घराची नव्हे, बाकाची. आमची टेबलं लागून आहेत. मी बाहेर बसून द्रावणं करून देते. वयाचा मान म्हणायचा.

आईचा गुडघा कसा आहे? वहिनीला सांग, तिने दिलेली चादर रोज वापरते.

तू अजून रात्रीच्या गाड्या घेतोस का? डेपोच्या फाटकाच्या खांबाला तू बस घासलीस असं वहिनी हसत हसत सांगत होती. खांब डाव्या हाताला होता का? सहज विचारते.

तुझी
बुडबुडी


३ डिसेंबर

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. अर्ध्या पानात आईचा गुडघा, वहिनीच्या भावाचं दुकान, चिमणीची परीक्षा, सगळं बसवलंस. (एवढी घोडी झाली तरी तुझ्या लेकीला आपण चिमणीच म्हणतो. कॉलेजात कुणी ऐकत नसेल म्हणजे मिळवली.) रात्रीच्या गाड्यांचं आणि खांबाचं तेवढं राहिलं. राहिलं असेल, किंवा ठेवलं असशील. आपल्या घरात दोन्ही चालतं.

इथे एक प्रकार घडला तो सांगते.

शेजारणीला ताप आला. पेशी तयार होत्या, त्या थांबत नाहीत. तेव्हा लाल दिव्याच्या खोलीत मी गेले. आत गेल्यावर थोडं थांबायचं असतं, डोळे सरावले की टेबल, नळ्या, बर्फाची पेटी, सगळं हळूहळू उमटतं. मी थांबले. आणखी थांबले. दिवा दिसत होता, लाल ठिपक्यासारखा. दिव्याखालचं टेबल दिसत नव्हतं.

म्हटलं, हात तर आहेत. त्या खोलीतली वस्तू न् वस्तू मी लावलेली. चाचपत चाचपत पेशींमध्ये डिटर्जंट घातलं, नळी बर्फात ठेवली, आणि वळताना कोपर लागून डिटर्जंटची मोठी बाटली खाली गेली. काच फुटली नाही, पण झाकण उडालं. आता तू विचार कर, बाबांच्या खानदानातली बाई, साबणाच्या पाण्यात, अंधारात. मी सपशेल आडवी झाले. आवाज ऐकून सर धावत आले आणि त्यांनी दार सताड उघडलं. सर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, भला माणूस. उजेड आत आला. बर्फातली नळी माझ्यासमोर पिवळी पडली.

‘पाय घसरला,’ मी म्हटलं.

‘होतं असं,’ सर म्हणाले. त्यांनी स्वतः फरशी पुसली. नॉन-आयनिक असलं तरी फरशीवर ते कुणाची गय करत नाही.

शेजारीण बरी होऊन आली तेव्हा तिला सगळं कळलं होतं. तिने काही विचारलं नाही. मला घेऊन लाल दिव्याच्या खोलीत गेली, दार लावलं आणि म्हणाली, ‘माझी बोटं किती?’

मी विचारलं, ‘हात कुठे आहे तुझा?’

‘तुझ्या खांद्याशी.’

तिने हात खाली घेतला. म्हणाली, ‘आणि मला वाटत होतं की तू मला आतलं काम देतेस ते माझा हात चांगला म्हणून.’

‘तेही आहेच,’ मी म्हटलं.

दादा, हे सगळं सांगायचं ते याच्यासाठी. डॉक्टरांनी मला गेल्या वर्षीच सांगितलं आहे. रातांधळेपणापासून सुरू होतं, मग बाजूचं दिसेनासं होतं, कडेकडून आत आत. समोरचं शेवटपर्यंत चांगलं राहतं, निदान पुष्कळ वर्षं. मी अजून सुईत दोरा ओवते. पण शेजारून कुणी आलं तर ते एकदम हवेतून उगवल्यासारखं वाटतं. चष्म्याने सुधारत नाही. औषध नाही.

बाबांचं हेच होतं. आठवतं ना? घड्याळाचा काटा बरोबर बसवायचे, आणि शेजारी ठेवलेला स्क्रूड्रायव्हर शोधत बसायचे. ‘या बल्बात दम नाही’ म्हणून दर महिन्याला मोठा बल्ब आणायचे. दुकान बंद केलं तेव्हा म्हणाले, आता कुणी घड्याळं दुरुस्त करत नाही. आपण ते खरं मानलं. त्यांच्या आजाराला कुणी नाव दिलं नाही एवढंच. माझं रक्त तपासलं तेव्हा नाव मिळालं. डोळ्यातल्या त्या प्रथिनाच्या साखळीत एका जागी एक मणी चुकीचा आहे. तेवढ्याने त्याची घडी सैल बसते.

आणि आता तुला कळलं असेल, मी सध्या कोणतं प्रथिन काढते आहे. सरांना सगळं सांगून, रीतसर परवानगी घेऊन, पेशींमध्ये तो चुकीचा मणी घातलेलं प्रथिन बनवून घेतलं आहे. सरांनी विचारलं होतं, ‘म्हणजे हे तुमचं स्वतःचं?’ मी म्हटलं, ‘आमच्या घरातलं.’

आता तुझं. आईवडिलांपैकी एकाला असलं की प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. छापा की काटा. माझा पडला. तुझा पडून किती वर्षं झाली, पण अजून कुणी वाकून पाहिलेला नाही.

तू म्हणशील, लायसनच्या वेळी डोळे तपासतात. तपासतात, पण तक्ता वाचून घेतात. तक्ता मीही शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. बाजूचं तपासायचं यंत्र वेगळं असतं. मोठ्या वाडग्यासारखं, त्यात हनुवटी टेकवायची, बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. मी इतका वेळ बटण दाबलं नाही की तपासणाऱ्या बाईला वाटलं मला डुलकी लागली.

इथे ये. मी वेळ ठरवून ठेवते. तिकडे कुणाला कळायचं कारण नाही.

आईला यातलं काही वाचून दाखवू नकोस. मी आल्यावर सांगेन.

तुझी
बुडबुडी


१९ डिसेंबर

दादा,

फोनवर मी गप्प बसले म्हणून मला पटलं असं समजू नकोस. समोर शेजारीण होती, आणि तू ओरडायला लागलास की मला अजून फ्रॉक घातल्यासारखं वाटतं. कागदावर मी जरा मोठी असते.

आधी कामाचं सांगते. त्याने माझं डोकं जागेवर येतं. त्या फुकट गेलेल्या पेशींनंतर शेजारणीने नव्या केल्या. नेहमीच्या डिटर्जंटमध्ये साधं, चांगलं प्रथिन कित्येक दिवस लाल राहतं. आपल्या घरचं जेवणाच्या सुट्टीपर्यंतही टिकत नाही. उजेड न लागताच रंग सोडतं. पापुद्र्यातून निघतं, पण निघाल्यावर स्वतःला सावरत नाही. सर म्हणतात नाद सोडा, हे पाण्यात उभंच राहणार नाही. मी म्हटलं, अजून दोन-तीन डिटर्जंटं बाकी आहेत. डिटर्जंट बदलून बघण्याखेरीज मला दुसरं काय येतं?

आता तू बोललास त्याबद्दल.

‘इतकी वर्षं गाडी चालवतो, एक माणूस खरचटला नाही.’ खरं आहे. मला त्याचा अभिमान आहे, माझ्या टेबलाजवळ डेपोने तुला हार घातला त्याचा फोटो आहे. पण त्या वर्षांतले तुझे डोळे आणि आजचे डोळे एकच आहेत असं तुला कुणी सांगितलं?

‘तू माझ्या पोटावर पाय द्यायला निघालीस.’ नाही. पण पाय पडू शकतो, हे मला माहीत आहे, आणि माहीत असून लिहिते आहे. तुझं गाडीवर किती प्रेम आहे ते मला ठाऊक नाही का? लहानपणी ताटाचं स्टिअरिंग करून तू मला मागे बसवायचास आणि थांबा आल्याशिवाय उतरू द्यायचा नाहीस.

‘बाबा आयुष्यभर असेच होते, काय बिघडलं?’ यावर मात्र ऐक. तू फोन आपटलास आणि थोड्या वेळाने आईचा आला. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण भिंतीपलीकडून तिला तुझा आवाज ऐकू गेला. म्हणाली, ‘त्यांना दिसत नव्हतं हे मला लग्नानंतर वर्षभरात कळलं. संध्याकाळी सायकलवरून यायचो तेव्हा मी पुढच्या दांडीवर बसायची. खड्डा आला की म्हणायची खड्डा, माणूस आला की म्हणायची माणूस. लोकांना वाटायचं काय प्रेम आहे!’ आणि हसली. मग म्हणाली, ‘प्रेम होतंच म्हणा. पण मी दांडीवर नसते त्या दिवशी घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा.’

तर बाबांचं काही बिघडलं नाही, कारण आई दांडीवर होती.

सायकल होती ती, दादा. तुझ्या गाडीत माणसं भरलेली असतात. खिडकीला डोकं टेकून झोपतात. पुढे कोण बसलंय हे त्यांना माहीतही नसतं, इतका त्यांचा तुझ्यावर भरवसा असतो.

एक गोष्ट लिहिताना हात जड होतो आहे, पण नंतर तू म्हणायला नको की आधी सांगितलं नाहीस. मी तुमच्या डेपोच्या साहेबांना पत्र लिहू शकते. लिहिलेलं नाही. लिहिणार नाही असं वचन मात्र देत नाही. महिनाभर वाट बघेन. तू माझ्याशी बोलणं टाकलंस तरी चालेल. चालेल असं लिहिलं, पण चालणार नाही, हे तुलाही माहीत आहे.

राग आला असेल तर इथे येऊन भांड. दिवसा ये, आणि दुसऱ्याने चालवलेल्या गाडीने ये.

बुडबुडी


८ मार्च

प्रिय चिमणे,

तुझं पत्र आलं. आत्याला पत्र लिहायचं तुला सुचलं म्हणजे गोष्ट गंभीरच असणार, हे पाकीट बघूनच ओळखलं. फोनवर तुम्ही मुलं कसं सगळं एका दमात सांगता, पण हे तुला सांगता आलं नाही.

आधी तुझ्या बाबाचं सांगते, कारण तो घरी काय सांगेल याचा मला अंदाज आहे. ‘डोळे दाखवले, थोडा प्रॉब्लेम आहे, आता बसून काम करायचं.’ एवढंच ना? मग उरलेलं माझ्याकडून ऐक. त्याला विचारलं आहे. म्हणाला, ‘सांग. मला नाही जमायचं.’

माझ्या शेवटच्या पत्रानंतर त्याने ना फोन केला, ना चिठ्ठी. महिना भरत आला. डेपोच्या साहेबांना लिहायला मी कागद काढून ठेवला होता आणि रोज त्यावर भाजीची यादी लिहीत होते. एका दुपारी दारात हा उभा. हातात पिशवी, चेहरा पडलेला. म्हणाला, ‘रजा टाकून आलोय. मागच्या सीटवर बसून आलो. ड्रायव्हर नवीन होता, ब्रेक फार मारतो.’ आत येऊन ओट्याखालची झुरळं मारली, चहा प्यायला, आणि मग विचारलं, ‘कुठे आहे तुझं ते वाडगं?’

दवाखान्यात मी बाहेर बसले. आतून त्याचा आवाज येत होता, ‘झालं का सुरू?’ आणि तपासणाऱ्या बाईंचा, ‘केव्हाच, काका.’ बाहेर आला तो म्हणाला, ‘त्यांचे डावीकडचे दिवे बिघडलेत.’ डॉक्टरांनी नकाशा दाखवला. मधे थोडी पांढरी जागा, भोवती काळं कडं, डावीकडे जास्त दाट. रक्ताचा निकाल नंतर आला, पण नकाशा बघून मला कळलं होतं. त्यालाही.

 बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलो, तेव्हा त्याने सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात संध्याकाळच्या फेरीला एक सायकलवाला डावीकडून एकदम समोर आला. तुझ्या बाबाने करकचून ब्रेक मारला. सायकलवाला शिव्या देत निघून गेला, कुणाला काही झालं नाही. पण तो माणूस आधीपासून रस्त्यावर होता आणि आपल्याला दिसला नव्हता, हे तुझ्या बाबाला त्याच क्षणी कळलं. तेव्हापासून तो कंडक्टरला पुढच्या दारापाशी उभा करायचा. ‘डावीकडे लक्ष ठेव रे, आरसा नीट नाही.’ कंडक्टर बिचारा सांगत राहायचा, सायकल आली, माणूस आला.

‘आईने ते सायकलचं तुला सांगितलं,’ तो मला म्हणाला, ‘आणि तू मला लिहिलंस. ते वाचून मी डेपोत जाऊन बसलो, गाडीत, बंद गाडीत. मी कंडक्टरला दांडीवर बसवलं होतं, बुडबुडे. आणि त्याला सांगितलंही नव्हतं की का.’

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तुझा बाबा रडला नाही, तसं काही मनात आणू नकोस. घाम पुसल्यासारखं तोंड पुसलं आणि म्हणाला, ‘आता ते तुझं लाल पाणी दाखव. ज्याच्यासाठी एवढं रामायण, ते बघून तरी जातो.’

लाल दिव्याच्या खोलीत आम्हा दोघांनाही दिसत नाही. माझ्या शेजारणीने एका बाजूला मला घेतलं, एका बाजूला त्याला, आणि आत नेऊन स्टुलांवर बसवलं. त्या आठवड्यातच आमचं काम मार्गी लागलं होतं. नवं एक नॉन-आयनिक डिटर्जंट आलं आहे, दोन डोकी साखरेची, दोन शेपटं तेलाची, मधे जोडलेली. ते प्रथिनाला जास्त घट्ट धरतं आणि सहज सोडत नाही. त्यात आपल्या घरचं प्रथिन दिवसभर लाल राहिलं, दुसऱ्या दिवशीही राहिलं. सर तीनदा येऊन मोजणी बघून गेले. मी तुझ्या बाबाला हे सांगत होते आणि तो अंधारात ‘हं, हं’ करत होता. शेवटी म्हणाला, ‘पण मला काहीच दिसत नाहीये गं.’

‘मलाही नाही,’ मी म्हटलं.

तेव्हा शेजारणीने नळी फॉइलमध्ये गुंडाळली, आम्हाला बाहेर खिडकीपाशी आणलं आणि म्हणाली, ‘नीट समोर बघा. लवकर संपेल.’ फॉइल काढलं. तळाशी थोडंसं पाणी, गुलाबासारखं लाल. आम्हा दोघांना समोरचं छान दिसतं, तेव्हा ते छान दिसलं. बघता बघता ते नारिंगी झालं, मग फिकट पिवळं, आणि तसंच राहिलं.

‘एवढंच?’ तुझा बाबा म्हणाला.

‘एवढंच.’

‘हे आपलं आहे?’

‘आपल्या घरातलं. बाबांचं, माझं, तुझं.’

तो नळी धरून उभा राहिला. मला वाटलं आता काहीतरी टोचून बोलेल. म्हणाला, ‘अजून आहे का थोडं? परत एकदा दाखव.’

शेजारीण एरवी एक थेंब वाया जाऊ देत नाही. तिने दुसरी नळी आणली.

परत गेल्यावर तो स्वतःच साहेबांच्या खोलीत गेला. मला लिहावं लागलं नाही. आता तो नव्या ड्रायव्हरांना शिकवतो आणि मधेमधे माइकवर गाड्या पुकारतो. तो म्हणतो, ‘पिंजऱ्यात बसवलंय.’ आजी म्हणते, आवाज रेडिओसारखा येतो. दोन्ही खरं असेल. काही दिवस तो तुमच्यावर खेकसेल. खेकसू द्या, पण सगळं ऐकून घेऊ नका.

आता तुझा प्रश्न. ‘आत्या, मी तपासून घेऊ का?’

मी तुझ्या बाबाच्या मागे लागले, कारण त्याच्या हातात गाडी होती आणि गाडीत माणसं होती. तुझं तसं नाही. तुझ्या हातात सध्या फक्त तुझं आयुष्य आहे, आणि ते कसं जाणून घ्यायचं, केव्हा, हे तू ठरवायचं. निम्मी शक्यता आहे, नाही असण्याचीही निम्मी. कळल्यावर न कळल्यासारखं करता येत नाही, हे एक. आणि न कळता रोज संध्याकाळी जिन्यात पायऱ्या मोजत बसणं हेही काही सुख नाही, हे दुसरं. मी दोन्ही करून पाहिलं आहे. निकाल हातात आला त्या दिवशी मी घरी येऊन सगळे दिवे लावले आणि भांडी घासली. दुसऱ्या दिवशी कामावर गेले. एवढंच झालं.

माझ्या कामातून औषध निघेल का, तेही तू विचारलंस. खोटं सांगणार नाही. मी प्रथिन न मोडता बाहेर काढलं, आता दुसरे कुणी त्याची घडी कुठे सैल आहे ते बघतील, मग आणखी कुणी ती घट्ट करणारं काही शोधतील. पुष्कळ वर्षं, पुष्कळ माणसं. मिळेलच असं नाही. पण आधी ते उभं राहत नव्हतं, आता राहतं, आणि ते मी केलं, ही गोष्ट मी स्वतःशी रोज एकदा तरी म्हणते.

तपासायचं ठरवलंस तर मी बरोबर येईन. नाही ठरवलंस तर पुन्हा विचारणार नाही, आणि तुझ्या आईलाही विचारू देणार नाही.

एक काम मात्र सांगते. अंधार पडल्यावर बाबाला डेपोतून आणायला जातेस ना? त्याचा दंड धरून त्याला ओढू नकोस. त्याला ते आवडत नाही आणि तो सांगणार नाही. तू अर्धं पाऊल पुढे राहा, तुझं कोपर त्याच्या हातात दे, आणि आपल्या चालीने चाल. तू वळलीस की त्याला कळतं, थांबलीस की कळतं. बोलायची गरज पडत नाही. बोलायचं तर दुसरं काहीतरी बोला.

सुट्टीत इकडे ये. स्टँडवर घ्यायला मी येईन, चौकशीच्या खिडकीशी उभी असेन. फक्त समोरून ये, चिमणे. बाजूने आलीस तर मला उशिरा दिसशील, आणि तुला वाटेल आत्याने ओळखलं नाही.

तुझी
आत्या